खडीच्या ढिगातील स्फटिक

पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील दगडखाणींत फुटलेल्या काळ्या दगडात कधी कधी पांढऱ्या, गुलाबी, क्वचित हिरवट स्फटिकांचे झुबके चमकताना दिसतात. आपण त्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणून मोकळे होतो. पण खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा पाडते. यांतले बरेचसे स्फटिक तो पाडत नाहीत. ती स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी निराळीच खनिजे असतात.

ती दगडाच्या पोटात आली कशी? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या गरम पाण्याने दगडातील सिलिका, कॅल्शियम वगैरे विरघळवून या पोकळ्यांत आणले. एरवी दगडातले कण एकमेकांना रेटत वाढतात. इथे मोकळी जागा होती, म्हणून पैलू पडले.

स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट हे झिओलाइट गटातले. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असे खनिज तापवले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव. स्टिल्बाइटचा थोडा चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवून पाहा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील. ते पाणी स्फटिकाच्या जाळीदार रचनेतले!

सर्वांत देखणे म्हणजे वाघोलीचे निळेशार कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन ही तिन्ही मूलद्रव्ये त्याच्या नावातच आहेत. ते प्रथम सापडले अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये, पण जगभरच्या संग्राहकांना भुरळ घातली ती वाघोलीच्या नमुन्यांनी.

गंमत अशी, की हे स्फटिक उजेडात आले ते खडीसाठी लावलेल्या सुरुंगांमुळे; आणि त्याच सुरुंगांनी व क्रशरने कितीतरी स्फटिकांचा चुरा केला. जे वाचतात त्यांचेही पुष्कळदा गाव हरवते. दुकानातल्या सुंदर तुकड्यावर ‘महाराष्ट्र’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो शोभेची वस्तू झाला. अभ्यासकाला त्यातून फारसे काही सांगता येत नाही. म्हणून शाळेच्या संग्रहात नमुना लहान, अगदी फुटका असला तरी चालेल. पण चिठ्ठीवर गाव, खाण, तारीख आणि सोबत आढळलेली खनिजे हवीतच. मुलांना खाणीत मात्र उतरवू नये. मालकाला विचारून बाहेरच्या ढिगातले तुकडे घ्यावेत. नमुने पाण्याने व मऊ ब्रशाने धुवावेत. आम्ल वापरू नये, त्याने स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटही खराब होतात.