लेकरू शाळेत घालण्याआधी



मागच्या पावसाळ्यात फ्रेजरपुऱ्यातली एक आई साडेतीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. नुकतंच त्याला केजीत घातलं होतं. म्हणाली, "ताई, शाळेचं नाव काढलं का ह्याचे पाय दुखतेत. नाटकं करते पोट्टं. बाई म्हनतेत दहादा लघवीले जाते, चड्डी भिजवते. घरी ठेवा म्हनतेत." बापानं दोन चापट्या दिल्या होत्या. आजीनं नजर उतरवली होती.

मी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून फिकी. डोळ्यांचं पांढरं पिवळसर. विचारलं, लहानपणी हातापायाचे पंजे सुजले होते का? आई चमकली. सुजले होते, दोन वेळा. मुका मार लागला असेल म्हणून हळद लावली होती. इर्विनला रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, एसएस. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. पोट्टं नाटक करत नव्हतं, त्याची हाडं खरंच दुखत होती.

शाळेची तयारी म्हटलं की आपण दप्तर, डबा आणि गणवेशाच्या मागे लागतो. मी नर्स आहे, म्हणून तयारीची सुरुवात रक्तापासून करते. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल जास्त आढळतो. यात पाप, कर्म, करणी काही नाही. ज्या मुलखात मलेरिया होता तिथे आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सिकलचा गुण मिळालेली लेकरं मलेरियातून जास्त वाचत, म्हणून तो गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघांकडूनही मिळाला की मात्र आजार होतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि तिथे कळा येतात. आईबाप दोघंही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची तपासणी टाळू नका.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आधी साधी चाचणी, त्यात काही दिसलं तर एसएस की एएस ठरवणारी दुसरी. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तीत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. म्हणजे लेकराबरोबर तुमचीही करून घ्या. "पोरीचं लग्न मोडन" म्हणून रिपोर्ट ट्रंकेत लपवणारी घरं मी अकोट फैलातही पाहिली आणि अमरावतीतही. रिपोर्ट लपवला तरी दुखणं लपत नाही. आणि एएस म्हणजे आजारी नव्हे. त्यानं फक्त जोडीदार निवडताना त्याचंही रक्त पाहावं.

एसएस लेकरू शाळेत जाऊ शकतं. शिकू शकतं, खेळूही शकतं. बाईंना मात्र पहिल्याच दिवशी चार गोष्टी सांगायच्या. त्याला सारखं पाणी लागतं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी लवकर अडकतात. त्याची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून त्याला वारंवार जावं लागतं. तो खोडी काढत नाही, त्याला अडवू नका. पावसात भिजला तर कपडे बदला. दमला तर बसू द्या. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, श्वास लागला, पोटात डाव्या बाजूला गोळा आला किंवा एकदम पांढराफटक पडला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. अशा लेकराला रक्तवाढीचं म्हणून लोहाचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. फॉलिक अ‍ॅसिड आणि इतर गोळ्या डॉक्टर सांगतील तशा, न चुकता.

पाण्याचं तर आपल्या घरांना वेगळं सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत शिपायानं वरून ओतल्याशिवाय बाबासाहेबांना पाणी मिळत नव्हतं. आज नळ आहे, वॉटर फिल्टर आहे, पण तीन वर्षांच्या जिवाला "बाई, मला पाणी पाहिजे" असं मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य घरी रोज म्हणवून घ्या. तसंच "मला शूला जायचं", "माझं पोट दुखते", "यानं मला मारलं". माझ्या मते एबीसीडीपेक्षा ही चार वाक्यं जास्त कामाची. वऱ्हाडीत म्हणालं तरी चालतं. "मले पानी पायजे" म्हटल्यावर जी बाई हसते, तिच्याशी आपण जाऊन बोलायचं. लेकराची बोली घरी दाबायची नाही.

बाकी तयारी शाळा उघडायच्या महिनाभर आधी सुरू करा. आपल्याकडे उन्हामुळे विदर्भातल्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तो वेळ वापरा. रात्री नऊला झोपवा. मोबाईल पाहत अकराला झोपलेलं लेकरू सकाळी रडणारच. चड्डी स्वतः खाली-वर करणं, हात धुणं, आपल्या हातानं भाकर मोडून खाणं शिकवा, सांडू द्या. नाडीची चड्डी शाळेत नको, इलास्टिकची घाला. स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, वस्तीचं नाव पाठ करून घ्या. "सुई देतील", "बाई मारतील" अशी भीती घालू नका. त्याच बाईच्या हवाली उद्या तुम्ही त्याला करणार आहात.

सोडताना लपून पळू नका. "मी जाते, जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यायला येते" असं सांगा, एकदा जवळ घ्या, निघा, आणि सांगितलेल्या वेळेला हजर राहा. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण पहिले आठ दिवस आजी, मावशी, शेजारीण, कुणीतरी एकच ठरलेलं माणूस न्यायला येऊ द्या.

सकाळचा चहा-टोस्ट हा आपल्या वस्तीतला मोठा रोग आहे. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. शिळ्या भाकरीचा कुटका, वरण, शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं, यातलं काहीही चालेल. कुरकुऱ्याच्या पाच रुपयांत फुटाणे येतात. लसीचं कार्ड काढून पाहा: दीड-दोन वर्षांचे बूस्टर राहिले असतील तर आता घ्या, पुढचा बूस्टर पाच-सहा वर्षांना असतो. जीवनसत्त्व अ चा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि जंताची गोळी. कान वाहत असेल तर "मोठं झाल्यावर जाईल" म्हणू नका. कमी ऐकणारं पोट्टं वर्गात ढ ठरतं आणि त्याचा शिक्का लवकर पुसत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक तपासायला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

आणि अंगणवाडीला नाक मुरडू नका. ती कल्पना ताराबाई मोडकांच्या कामातून आली, ज्या लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीतच राहत होत्या. पुढे बोर्डीला त्यांनी पाहिलं की आदिवासी मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेतून ती देशभर गेली. तिथे वजन होतं, शिजवलेला आहार मिळतो, पैसे लागत नाहीत. खाजगी नर्सरीत घालायचं असेल तर ३१ डिसेंबरला लेकराचं वय तीन पूर्ण असावं लागतं. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी आपल्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. तो आणि जन्माचा दाखला आधीच काढून ठेवा. फॉर्म शाळा उघडायच्या कितीतरी महिने आधी निघतात.

त्या फ्रेजरपुऱ्यातल्या मुलाची आई रिपोर्ट घेऊन शाळेत गेली, मीही बरोबर गेले. बाईंनी त्याला दाराजवळची जागा दिली, म्हणजे उठून जायला सोपं. आता त्याच्या दप्तरात दोन पाण्याच्या बाटल्या, एक जास्तीची चड्डी आणि आतल्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत सिकलसेल कार्डाची झेरॉक्स असते. मागे आईचा मोबाईल नंबर लिहिलेला.