हाकेसरशी धावणारे

वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. या तालुक्यातून पैनगंगा वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र जागोजागी कोरडे पडते. परंतु पावसाळ्यात जोराची सर आली, की नदी-नाले क्षणात दुथडी भरून वाहू लागतात. सकाळी ज्या नाल्यातून बैलगाडी सहज पार गेली, तोच नाला संध्याकाळी वाट अडवून उभा राहतो. याशिवाय शिवारात जागोजागी विहिरी आहेत आणि अलीकडे शेततळीही झाली आहेत. शेततळ्याच्या तळाशी व काठांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला म्हणजे इतका निसरडा होतो, की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. जे पाणी पिकाला जीवन देते, तेच अशा वेळी मनुष्याचा जीव घेते.

बुडणाऱ्या मनुष्याजवळ वेळ फार थोडा असतो. श्वास कोंडल्यावर चार-सहा मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर व धुळे येथे असतात. ही दले मोठी व सुसज्ज आहेत. पण वऱ्हाडातील एखाद्या खेड्यात पोहोचण्यास त्यांना कित्येक तास लागतात. म्हणून संकटाच्या पहिल्या घटकेत जवळचा मनुष्यच उपयोगी पडतो.

ही गरज ओळखून वऱ्हाडात स्वयंसेवकांची पथके उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक हे त्यांपैकी एक होय. दीपक सदाफळे यांच्या नेतृत्वाखाली या पथकाने अकोला जिल्ह्यात, तसेच आसपासच्या जिल्ह्यांतही नद्या, धरणे व विहिरी येथे शोधकार्य केले आहे. पथकाने ज्यांचे नाव घेतले, त्या गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९५६ सालच्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला. बाबा ज्या गावी जात, तेथील रस्ते स्वतः झाडीत. परक्याचे काम आपले मानावे, ही त्यांची शिकवण या नावातून जागी राहते.

पथक घटनास्थळी पोहोचले, की ते लगेच पाण्यात उडी घेत नाही. बुडणारा मनुष्य शेवटी कोठे दिसला, हे प्रथम पाहणाऱ्यांकडून नीट विचारून घेतले जाते. प्रवाहाचा वेग, पाण्याची खोली, डोह आणि खडक यांचा अंदाज घेतला जातो. मग कमरेला दोर बांधून आणि अंगात जीवरक्षक जाकीट घालून स्वयंसेवक नावेतून निघतात. दोराचे दुसरे टोक काठावरील सोबत्यांच्या हाती असते. वाचवणाराच बुडाला तर एका संकटाची दोन संकटे होतात, हा धडा त्यांनी पक्का गिरवलेला असतो.

विहिरीतील धोका निराळा असतो. जुन्या, बंद विहिरीच्या तळाशी कर्बद्विप्राणील वायू साचतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो. पेटता कंदील आत सोडला व तो विझला, तर खाली प्राणवायू पुरेसा नाही हे कळते. परंतु विहिरीत तेलावरचे इंजिन चालले असेल, तर त्याच्या धुरातील विषारी वायू कंदिलाने कळत नाही. त्याला वासही नसतो. एक मनुष्य आत बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा उतरतो आणि एकाच घरावर दुहेरी-तिहेरी घाला पडतो. अशा वेळी आत न उतरणे हा भित्रेपणा नव्हे, तो शहाणपणा होय.

कित्येकदा पथक येईपर्यंत प्राण गेलेला असतो. तरीही त्याचे काम संपत नाही. मृतदेह प्रथम तळाशी जातो आणि बहुधा काही दिवसांनी वर येतो. तोवर घरची माणसे काठावर अन्नपाण्यावाचून बसून राहतात. त्यांच्या हाती निदान अंत्यसंस्कारासाठी तो देह यावा, म्हणून हे तरुण गढूळ पाण्यात तासन् तास गळ टाकतात व तळ चाचपतात. ज्याच्यासाठी हे श्रम, तो आभार मानावयास नसतो. पण मागे राहिलेल्या आईचे मन त्यायोगे थोडे शांत होते.

प्रत्येक गावी असे पथक नसते. परंतु प्रत्येक गावी दोर असतो आणि रिकामा डबा असतो. घट्ट झाकण लावलेला मोठा डबा दोराला बांधून बुडणाऱ्याकडे फेकावा, लांब काठी किंवा धोतर पुढे करावे, मोठ्याने हाक मारून माणसे जमवावीत आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. एवढे ज्याला येते, तो लहान असला तरी बचावाच्या कामी उपयोगी पडतो. संकट पूर्वसूचना देऊन येत नाही. म्हणून मदतीची तयारी आधीच करून ठेवावी लागते. शेजाऱ्याची हाक ऐकताच धावून जावे, पण विचाराने धावावे, हेच या स्वयंसेवकांपासून शिकावयाचे आहे.