चारातला एक नट

“तीन नट आहेत ना शाबूत? सावकाश जाऊ,” हे म्हणाले. मैत्रिणींनो, ‘सावकाश जाऊ’ ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो!

आमची मारुती ८०० मामंजींनी घेतलेली. ही गाडी २०१४ साली निघायची बंद झाली, पण आमची अजून धावते. सकाळी सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी मागच्या चाकाचं पंक्चर काढलं. तिथल्या पोराने पान्ह्याला लांब पाइप लावून नट असा काही आवळला की स्टडच तुटला. स्टड म्हणजे ज्याच्या आट्यांवर नट फिरतो तो लोखंडी खुंट.

मी शाळेत मुलांना भागाकार शिकवते. चौघांचं ओझं तिघांवर आलं की प्रत्येकाचा वाटा वाढतो. शिवाय एक तुटला, तर बाकीचेही तेवढेच ताणलेले असणार! मी हट्टच धरला. हे रुसले, पण आम्ही रिक्षाने गेलो.

नंतर मेकॅनिक म्हणाला, “वेल्डिंग मारून देतो.” आम्ही नको म्हटलं. तापवल्याने त्या पोलादाची ताकद जाते. स्टड नवाच घ्यावा, आणि तोही जुन्याच्याच मापाचा, त्याच आट्यांचा. रिक्षाला गेले त्याहून कमी पैशांत तो आला.

पुढच्या चाकांना दगड लावून गाडी जॅकवर घेतली. चाक आणि ड्रम उतरवला. तुटका स्टड बाहेरून ठोकताच आतल्या बाजूने निघाला. नव्याचे दाते खाचांत बसवून तो आतून घातला, बाहेरून वायसर व नट लावून पूर्ण ओढून घेतला. बाकीच्या तिघांचे आटेही तपासून घेतले.

एवढं मात्र आपण लक्षात ठेवावं. नट आधी हाताने फिरवावेत. मग बरणीला दादरा बांधताना कसे समोरासमोरचे कोपरे ओढतो, तसे समोरासमोरचे आवळावेत. शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर. पान्ह्याला पाइप लावू देऊ नये. आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत. आमचा एक नट तेव्हा थोडा सैल निघालाच!

ह्यांनी अजून काही कबूल केलेलं नाही. पण परगावी निघताना पान्हा आता न सांगता बाहेर येतो.