फ्लेमिंगो आणि फिश फ्राय : चलो भिगवण!

लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये चार तास काढून शेवटी मक्याचं कणीसच खायचं असेल, तर गाडी उलट्या दिशेला वळवा. हडपसर सोडा, सोलापूर हायवे धरा. साधारण शंभर किलोमीटरवर, इंदापूर तालुक्याच्या तोंडाशी भिगवण लागतं. समुद्र इथून कित्येक डोंगरांपलीकडे, पण गावाला वास मात्र पक्का कोळीवाड्याचा!

याचं कारण उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवटा थेट इंदापूर, दौंडपर्यंत. साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे खडकवासल्याची आपली चारही धरणं एकत्र केली तरी त्याच्यापुढे बच्चा कंपनी. शेतं पाण्याखाली गेली, आणि नांगर धरणाऱ्या कितीतरी हातांनी जाळं धरलं.

कुंभारगावला पहाटे सहाला पोचा. आठ म्हणजे उशीर. जानेवारी ते मार्च हा बेस्ट सीझन. अंधारातच मी होडीत बसलो, स्वेटर चढवून. पाण्यावर धुकं, आणि आधी नुसता कलकलाट. मग उजाडलं तशी लांबवर एक गुलाबी रेघ दिसली. रोहित! इंग्रजी नाव फ्लेमिंगो, आणखी एक झकास मराठी नाव अग्निपंख. चोच उलटी करून चिखल गाळत शेकडो पक्षी उभे. त्यांचा तो गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन येतो म्हणे. म्हणजे हेही मेन्यू बघूनच आलेले. बाजूला पट्टकदंब, हिमालय ओलांडून येणारी ही मंडळी. नदी सुरय, चक्रवाक... यादी संपत नाही. दुर्बीण मित्राकडून मागून आणा, पण आणाच.

‘साहेब, उभं ऱ्हाऊ नका. आनि त्यास्नी उडवायला सांगू नका,’ होडीवाले मामा म्हणाले. फोटोत पंख पसरलेले हवेत म्हणून लोक होडी थव्यात घालायला लावतात. वर टीपही देतात! मामांनी तो धंदा सोडलाय. खाताना सारखं उठवलं तर पाखरू दुसरं पाणी बघतं, हे त्यांचं साधं गणित. मग गप्पांत त्यांनी पाण्याकडे बोट केलं. ‘आमचं शिवार हितंच. खाली.’ मी खाली वाकून बघितलं. पाणीच दिसलं.

हे शिवार परत दिसतंही, पण दुष्काळात. उजनीचा निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा असल्याने इथे धरण ‘मायनस’मध्ये जातं. २०२४च्या उन्हाळ्यात ते इतकं उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर अख्खं बाहेर आलं. बघायला गर्दी झाली. ज्यांची गावं तिथून उठली त्यांना हे देखणं वाटत असेल का, कोण जाणे.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी होडी वादळात उलटली. सहा जण गेले, एक पोहत काठाला लागला. ते पिकनिकला निघालेले नव्हते. इथल्या लोकांना पलीकडे जायला होडी म्हणजे आपली पीएमटी. तेव्हा लाइफ जॅकेट मागा. जॅकेट नाही म्हणाले तर काठावरूनच पाखरं बघा, तिथूनही दिसतात. दुपारनंतर वारा सुटला, आभाळ भरलं की पाण्यात उतरूच नका. ‘काय होतंय यार’ म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला गाडीतच बसवा.

आता मुद्द्याचं! भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम यांचा लिलाव चालतो. भाव बोटांवर ठरतात, आपल्याला कळेपर्यंत टोपली विकली गेलेली असते. हायवेवरच्या हॉटेलात चिलापी फ्राय, लाल रस्सा आणि ज्वारीची भाकरी घ्या. मालवणी समजून सोलकढी मागू नका. हा घाटावरचा मासा, कांदा-लसूण मसाल्यातला. मला तर तोच जास्त भावला. काटे सांभाळा.

एक गोष्ट मात्र घास घेताना आठवली. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते. आपल्या सोसायटीचं, कंपनीचं, नाल्याचं सगळं पाणी इथेच. मामा म्हणाले, पूर्वीचे कितीतरी मासे आता जाळ्यात येत नाहीत. पुण्याचा आहे हे सांगायला जरा जीभ अडखळली.

वेळ उरला तर इंदापूर गाठा. मालोजीराजांच्या या गावात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली सातबाऱ्याची रांग, वर पिल्लांचा कालवा! परतताना बारामतीवरून यायचं असेल तर कवी मोरोपंतांचं हे गाव वाटेत आहे, आणि सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसायची शक्यता. मला एकच दिसला, तोही पळताना.

ड्रायव्हिंग नको? भिगवणला रेल्वे स्टेशन आहे, पुणे-सोलापूर लाइनवर. फक्त सहाची पाखरं गाठायची तर आदल्या रात्री मुक्कामालाच जा. कुंभारगावात घरगुती सोय होते. जाण्याआधी फोन करा, आणि रात्रीच्या जेवणात मासा हवा का ते तेव्हाच सांगून ठेवा.