तोंडावरून ओळखावा मासा

जाळ्यातून मासा वर आला की जाणता मत्स्यपालक आधी त्याचे तोंड पाहतो. तोंड वर वळलेले, खालचा जबडा पुढे आलेला आणि डोके अंगाच्या मानाने भले मोठे असेल, तर तो कटला. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि तिथले सूक्ष्म प्राणिप्लवंग खातो. रोहूचे डोके लहान, ओठांना झालर, खवल्यांवर तांबूस झाक. त्याचा वावर मधल्या थरात. मृगळ अंगाने सडपातळ, चंदेरी. तळाशी साचलेला कुजका पालापाचोळा हे त्याचे अन्न.

तीन मासे, तीन थर. एका तळ्यात सोडले तरी ते एकमेकांच्या घासावर फारसे टपत नाहीत. मिश्र मत्स्यशेती याच हिशेबावर उभी आहे.

या माशांचे बीज, म्हणजे पिल्ले, एके काळी मुख्यतः नदीतून मिळे. पुराच्या पाण्यात जाळी लावून जिरे, म्हणजे अगदी चिमुकली पिल्ले, गोळा करत आणि त्यात नको असलेल्या माशांची पिल्लेही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन घडवून आणले आणि हवे ते बीज हवे तेव्हा तयार करण्याची वाट खुली झाली. म्हणूनच 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.

तरीही विकत घेतलेले बीज पारखूनच घ्यावे. चार-पाच बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, पांढऱ्या ताटलीत पाण्यासह घेऊन शेपटीच्या बुडाशी पाहावे. रोहूच्या पिल्लाला तिथे काळसर आडवा पट्टा दिसतो, मृगळाला पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा ठिपका. कटल्याला यातले काहीच नसते, पण त्याचे मोठे डोके लपत नाही. पाठीवर काटेरी किरणांचा लांबलचक पर दिसला, तर तो तिलापिया असण्याची शक्यता मोठी. तो तळ्यातच भराभर संख्येने वाढतो आणि बाकीच्यांचे खाद्य संपवतो. थाई मागूर तर चुकूनही आणू नये. या मांसाहारी माशाच्या पालनावर देशात बंदी आहे.

महाराष्ट्राच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतले 30 बाय 30 मीटरचे तळे म्हणजे जवळजवळ 9 गुंठे. हेक्टरी 5,000 बोटुकल्यांचा रूढ हिशेब धरला, तर त्यात 450 पुरे. कटला, रोहू आणि मृगळ यांचे 4:3:3 हे प्रमाण नेहमीचे. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याला चिखलाचा तळ नसतो, त्यामुळे मृगळाचे नैसर्गिक अन्न तिथे कमीच. वरून खाद्य दिल्याशिवाय भागत नाही. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग घेऊन, माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के मिश्रण रोज द्यावे.

मातीच्या जुन्या तळ्यात बीज सोडण्याआधी मरळ, शिंगी काढून टाकावे लागतात. हे मासे हवेतूनही श्वास घेतात. पाणी आटले तरी चिखलात तग धरतात आणि नंतर बोटुकल्या गिळतात. त्यांना काढण्यासाठी मोहाची पेंड वापरतात, पण तिचा विषारी अंश ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर बीज सोडू नये. बीज आणल्यावरही पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, आतले आणि बाहेरचे तापमान सारखे होऊ द्यावे.

पाण्याची तब्येत कळायला हात पुरतो. कोपरापर्यंत हात बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळी वाढ जास्त झालेली आहे. खत म्हणून घालायचे शेण आणि खाद्य तिथेच थांबवावे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, की प्राणवायू कमी पडलेला असतो. ढगाळ दिवशी तो कमी तयार होतो, रात्रभर वनस्पती आणि मासे दोघेही तो वापरतात आणि सूर्योदयाआधी तो सर्वांत कमी होतो. अशा वेळी ताजे पाणी सोडणे किंवा पंपाने पाणी उपसून पुन्हा तळ्यातच उडवणे हा तातडीचा उपाय.

चांगल्या तळ्यात वर्षभरात मासा किलोच्या आसपास भरतो. पण शेततळ्याचे पाणी आधी पिकाचे असते, ते फेब्रुवारीपासूनच उतरू लागते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी चिमुकले जिरे न सोडता वाढलेल्या बोटुकल्या सोडाव्यात, म्हणजे पाणी पुरेसे असतानाच मासा विक्रीजोगा होतो. मार्चमध्ये मोठे मासे आधी काढावेत आणि उरलेल्या पाण्यात लहानांना वाढायला जागा द्यावी.