जटायूच्या दरीत

उन्हाळ्यात पक्षी पाहायला कुठं जावं, असं कुणी विचारलं तर मी येडशीचं नाव घेतो. फजरची नमाज आटोपली की पाण्याची बाटली घ्यायची आणि रामलिंगच्या दरीत उतरायचं. बालाघाटच्या रांगेतलं हे रान १९९७ मध्ये अभयारण्य झालं. मंदिराजवळची नदी पावसाळ्यात खळाळते. वैशाखात पात्रात डबकी तेवढी उरतात.

पक्षी पाहणाऱ्याला तेच सोयीचं. पानगळीनं झाडं उघडी पडलेली, पाणी मोजक्याच जागी. डबक्यापासून पंचवीसेक पावलांवर, मातकट कपडे घालून गप्प बसावं. सातभाई कलकलत येतात. हळद्या पिवळी रेघ ओढून जातो. स्वर्गीय नर्तक पांढऱ्या फितीसारखी शेपटी मिरवत पाण्यावर झेपावतो. कुठंतरी तांबटाची टुकटुक चालूच असते.

उन्हाळा हा पुष्कळांचा विणीचा काळ, म्हणून तर त्यांना कंठ फुटतो. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, असं आपण मानतो. तो बिचारा जोडीदाराला साद घालत असतो. अंडी मात्र त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात घालते! पाऊस तोंडावर आला की चातकही आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो.

रामलिंगला गेलेला माणूस जटायूची कथा ऐकल्याशिवाय परतत नाही. सीतेसाठी रावणाशी झुंजून तो इथंच पडला, असं सांगतात. ती ऐकताना माझी नजर हटकून आभाळाकडं जाते. लहानपणी माळावर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. आता आभाळ रितं असतं.

कारण २००४ मध्ये उमगलं. जनावरांना देतात त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मढ्यात उरतो. ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. १९९२ ते २००७ या काळात आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादंच उरली. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडलं.

नव्वदच्या दशकात आमचा म्हातारा बैल आजारी पडला, तेव्हा मीच त्याला सुई टोचून घेतली होती. बैल वाचला नाही. आम्ही त्याला माळावर ओढून टाकला. सुई कसली होती, हे मी विचारलं नव्हतं. तेव्हा तशी रीतच नव्हती.

आज विचारता येतं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध मिळतं. गोठ्यात डॉक्टर आले की एवढंच म्हणावं, ‘साहेब, ते द्या.’ जटायूला निदान झुंजायला मिळालं होतं. त्याच्या वंशजांना आपण तेवढीही संधी दिली नाही.