भार नाही, तर हाड नाही

अंतराळवीर यानात तरंगतात ते का, असे वर्गात विचारले की बहुतेक हात वर येतात आणि उत्तर एकच मिळते : 'तिथे गुरुत्वाकर्षण नसते.' हे उत्तर चूक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. कोल्हापूरहून मुंबई रस्त्याने जेवढी लांब, जवळपास तेवढेच हे अंतर. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण मुळातच सुमारे ६,४०० किलोमीटर दूर आहोत. त्यात ४०० ची भर पडल्याने गुरुत्वाकर्षण जेमतेम अकरा-बारा टक्क्यांनी घटते.

मग वजन जाते कुठे? आपल्याला जे 'वजन' जाणवते ते पृथ्वीच्या ओढीपेक्षाही जमिनीने पायांना दिलेल्या आधाराचे असते. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जात सतत पृथ्वीकडे पडत असते. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनही तेवढीच खाली वळत जाते. यान, माणूस, पेन, पाण्याचा थेंब सगळेच बरोबरीने पडत असल्याने कोणी कोणावर टेकत नाही.

हे वर्गात दाखवता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, बोटाने ते बंद करून बाटलीत पाणी भरा. बोट काढले की धार लागते. आता बाटली उंचावरून खाली सोडा. ती पडत असेपर्यंत धार थांबलेली दिसेल. तेवढ्या अर्ध्या सेकंदापुरते ते पाणी वजनरहित झालेले असते. अंतराळवीर त्या अवस्थेत महिनोन् महिने राहतो.

शरीर काटकसर करते

जमिनीवर आपण उभे असताना रक्त पायांकडे उतरू पाहते आणि शरीर ते वर ढकलत असते. भार नाहीसा झाला तरी ही सवय लगेच सुटत नाही. रक्त व इतर द्रव छाती-डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदते, पाय बारीक होतात. पाणी जास्त झाले असे समजून शरीर रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी करते. कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला खाली-वर कळेनासे होते. म्हणून निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस घाटात गाडी लागावी तशी मळमळ होते. मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब गेल्याने उंची काही सेंटिमीटरने वाढते.

हे बदल परतल्यावर बरेचसे भरून येतात. खरी चिंता स्नायू आणि हाडांची. हाड म्हणजे एकदा उभारलेला दगडी खांब नव्हे. त्यात हाड बांधणाऱ्या आणि हाड झिजवणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी आयुष्यभर काम करतात. जिथे भार पडतो तिथे बांधकाम वाढते. टेनिसपटूचे खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते ते यामुळेच. भार संपला की बांधकाम मागे पडते, झीज चालूच राहते. पुरेशा व्यायामाअभावी अंतराळात कंबर व खुब्याच्या हाडांतून महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का खनिज कमी होते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांच्या हाडांची साधारण वर्षभरात जेवढी झीज होते तेवढी इथे महिन्यात होते. सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि मुतखड्याचा धोका वाढतो.

हा आजार नाही. ज्याचा उपयोग नाही ते पोसायचे नाही, अशी ही काटकसर आहे. अंतराळात राहायचे तर ती चालूनही जाईल. अडचण येते ती परतल्यावर.

अठरा दिवस आणि ४३७ दिवस

१९७० मध्ये सोव्हिएत संघाचे निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह सोयूझ-९ या छोट्या यानात सुमारे अठरा दिवस राहून परतले. त्यांना धड उभे राहता येईना. यानातून बाहेर पडायलाही मदत लागली. १९९५ मध्ये व्हॅलेरी पोल्याकोव्ह मीर स्थानकावर सुमारे ४३७ दिवस काढून आले आणि यानाजवळच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. पोल्याकोव्ह स्वतः डॉक्टर होते. मधल्या पंचवीस वर्षांत जे शिकायला मिळाले त्यातली मोठी गोष्ट म्हणजे नेटाने रोज व्यायाम.

पण वजनच नसेल तर व्यायाम कसा करायचा? आपल्या तालमीतला पैलवान तिथे नेला तर त्याचे जोर-बैठका व्यर्थ जातील, कारण त्यात उचलायचे असते ते स्वतःचेच वजन. मुद्गल फिरवायला मात्र जोर लागेल; वजन गेले तरी वस्तुमान कायम असते. म्हणून स्थानकावर २००८ मध्ये पोहोचलेल्या यंत्रात निर्वात नळकांड्यांतला दट्ट्या ओढावा लागतो. तो सुमारे २७० किलो वजनाइतका विरोध करू शकतो. धावण्याच्या पट्ट्यावर माणसाला ताणपट्ट्यांनी खाली खेचून धरतात. हे सारे रोज सुमारे दोन तास.

१९८४ मध्ये सॅल्यूट-७ वर राकेश शर्मांनी योगासनांचा प्रयोग केला. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अठरा दिवस स्थानकावर होते. वजनरहित अवस्थेत स्नायूंच्या पेशी कशा वागतात हा त्यांनी केलेला एक प्रयोग बंगळूरुच्या संस्थेचा होता. मूग-मेथीला मोड आणण्याचा दुसरा प्रयोग आपल्या शेजारच्या धारवाडचा. दोघेही वैमानिक पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले.

व्यायामाने सगळेच सुटत नाही. लांबच्या मुक्कामात काहींच्या डोळ्यांच्या पडद्यामागे सूज येऊन जवळचे अंधुक दिसू लागते. शिवाय वातावरणाचे पांघरूण नसल्याने वैश्विक किरणांचा मारा बसतो. आपल्याला जमिनीवर दोन महिन्यांत नैसर्गिकपणे जेवढे प्रारण मिळते, तेवढे तिथे साधारण एका दिवसात.

जमिनीवरचे अंतराळ

या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञ निरोगी माणसांना डोके सहा अंश खाली ठेवून साठ-साठ दिवस खाटेवर झोपवतात. स्नायू व हाडांत अंतराळासारखेच बदल दिसतात. म्हणजे खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजीचे शरीरही हाच हिशेब करीत असते. म्हणूनच डॉक्टर तिला शक्य तितक्या लवकर उठवून उभे करतात.

याची दुसरी बाजू शाळेत आहे. हाडांची बहुतेक पुंजी पौगंडावस्थेत आणि विशीपर्यंत जमते. पुढे खर्चच जास्त. धावणे, उड्या, दोरी, कबड्डी, लंगडी यांत हाडाला धक्का बसतो आणि हाड तो भार मोजून वाढते. नेमक्या याच वयात आठवी-नववीच्या मुली मैदानावरून दिसेनाशा होतात आणि परीक्षा जवळ आली की पी. टी. चा तास गणित-विज्ञानाला दिला जातो. पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो.

अंतराळवीराचे कामाचे तास फार मोलाचे असतात. तरीही त्यातले दोन तास रोज व्यायामाला दिले जातात. वेळापत्रकातला पी. टी. चा तास मागायला विज्ञानशिक्षक जाईल, तेव्हा त्याने हे आठवावे.